न लावलेला हात

वेल्ह्याच्या बाजारपेठेत माझा दवाखाना आहे, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. अंकासाठी लिहा म्हणणाऱ्या संपादकबाईंना माझ्याकडून बहुतेक तोरण्यावरून घसरलेले पर्यटक, भातखाचरात साप चावलेली माणसं, जळवा आणि विंचू असं काहीतरी हवं असणार. ते माझ्याकडे पोतंभर आहे. पण फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आणि तुमचं ते वेगळेपणही येऊ द्या थोडं." तेव्हापासून मी विचार करतोय की त्यांना नेमकं काय हवं होतं. कुणी गोड बोललं की आधी त्यामागचं कारण शोधायचं, ही सवय मला लागली आहे. ती कशी लागली आणि तिच्यापायी एका तरुण मुलाचं काय नुकसान झालं, तेच लिहितो. साप-विंचू राहू देत.

डोंगरातल्या डॉक्टरकडे यंत्रं नसतात. सोनोग्राफी करायची तर खाली कापूरहोळला जावं लागतं, रक्ताच्या बऱ्याचशा तपासण्यांना नसरापूरला. त्यामुळे आमची सगळी भिस्त हातावर. पोट दाबून बघायचं, पाठीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकायचा, पायाची सूज अंगठ्याने दाबून खळगा किती वेळ राहतो ते बघायचं. पेशंट तोंडाने एक सांगतो आणि हाताखाली दुसरंच सापडतं. एखादा म्हणतो छातीत जळजळतंय, काल वडे खाल्ले. त्याचा तळहात गार आणि घामट लागला की मी त्याला चालूही देत नाही, उचलून जीपमध्ये घालतो. हे हाताचं ज्ञान माझ्याकडे बरं होतं. त्याचा मला गर्व होता, हे आता सांगायला हरकत नाही.

मी मूळचा भोरचा. वडील कचेरीत कारकून होते, माझं डॉक्टरीचं शिक्षण पुण्यात झालं. मी समलिंगी आहे हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं, आणि पंचेचाळिशीपर्यंत ते मी फक्त दोन माणसांना सांगितलं होतं. त्यातला एक माधव. माधव पुण्यात कॉलेजात गणित शिकवायचा. दर शनिवारी दुपारच्या एसटीने वेल्ह्याला यायचा आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परत जायचा. गावाला तो 'डॉक्टरांचे मित्र' म्हणून माहीत होता. गाव त्यावर काही बोलत नव्हतं, आणि गाव बोलत नाही म्हणजे गावाला काही कळत नाही अशी माझी समजूत होती.

दवाखान्यात मदतीला कुसुमताई होत्या. जवळच्याच गावच्या, सातवी शिकलेल्या, नवरा लवकर गेलेला. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, पोरांना धरणं, म्हाताऱ्यांना दटावणं सगळं त्या करत. त्यांनी एकदा त्यांच्या नात्यातल्या शिक्षिकेचं स्थळ माझ्यासाठी आणलं आणि फोटो माझ्या टेबलावर ठेवला. नेहमीसारखी थाप मारता आली असती, पण त्या दिवशी मला थापांचा कंटाळा आला होता. मी सांगून टाकलं की मला बायको नको, माझा माधव आहे, आणि मित्र म्हणजे तो माझा कोण तेही. कुसुमताई कापसाचे बोळे वळत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"मंग तिच्या घरी काय सांगू?" एवढंच त्यांनी विचारलं.

"सांगा, डॉक्टरांचं ठरलंय."

"ते तर खरंच हाय," म्हणून त्यांनी फोटो पिशवीत टाकला. पुढच्या शनिवारी त्यांच्या डब्यात माधवसाठी दोन भाकऱ्या जास्तीच्या होत्या.

पुढे न्यायालयाने आमच्यासारख्यांना गुन्हेगार मानणं बंद केलं. त्यानंतर काही महिन्यांनी पुण्याच्या एका वर्तमानपत्राने माझी मुलाखत मागितली, नाव आणि फोटोसकट. माधवला ते पटलं नव्हतं. मी त्याला म्हणालो, की मी रोज पेशंटांना सांगतो डॉक्टरपासून काही लपवू नका, आणि त्यांच्यापासून मी सगळं लपवून बसलोय. मुलाखत रविवारी छापून आली. एसटीने पेपर वेल्ह्यात पोचायच्या आधीच तिचा फोटो तालुक्यातल्या सगळ्या मोबाईलवर फिरला होता.

दवाखाना बंद पडेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. उलट बायकांची गर्दी वाढली. वरच्या अंगाच्या एका गावातली सासू दोन सुना घेऊन आली आणि मला म्हणाली की आता सुनांना एकट्या धाडायला घोर नाही. हे मी माधवला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पुरुष मात्र बदलले. वर्षानुवर्षं एकटे येणारे लोक बायकोला बरोबर आणू लागले, म्हणजे ती त्यांची राखण. काही जण खुर्चीच्या टोकावर बसून मनगट टेबलावरून पुढे करायचे आणि बाकीचं शरीर मागे ठेवायचे. एकाच्या पाठीवर लिंबाएवढं गळू होतं. त्याने सदरा काढला नाही, वरून लावायला मलम मागितलं. मी हे सगळं हसण्यावारी नेत होतो, पण कोण कसा बसला ते लक्षात ठेवायला लागलो होतो.

सहा महिन्यांनी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. सभ्य गृहस्थ. त्यांनी दार लोटून घेतलं आणि माझ्या पुढ्यात हाताने लिहिलेल्या एका निनावी अर्जाची प्रत ठेवली. तो अर्ज मला आजही पाठ आहे. "सदर डॉक्टर तपासणीच्या नावाखाली वेळोवेळी हिरव्या पडद्याआड पुरुष रुग्णांस नको तिथे हात लावतात. तरी योग्य ती चौकशी व्हावी." खाली 'एक जागरूक नागरिक'. अधिकारी म्हणाले, सही नाही, रुग्णाचं नाव नाही, मी यावर काही करणार नाही. मला सोडायला दारापर्यंत आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तरी जपून राहा."

त्या तीन शब्दांपायी मी आठवडाभर झोपलो नाही. त्यांनी अर्ज फेटाळला होता की अर्जावर विश्वास ठेवून मला सांभाळून घेतलं होतं?

प्रत मी मागून घेतली होती. ती टेबलाच्या खणात ठेवून दिवसातून चार वेळा काढून वाचायचो. 'सदर' आणि 'तरी' वरून लिहिणाऱ्याला अर्ज लिहायची सवय असणार. त्याचा ळ विचित्र होता, खालचा फाटा आत वळलेला. सगळ्यात आधी मला डॉक्टर शेडगे आठवले. एसटी स्टँडसमोर त्यांचा दवाखाना आहे, आणि माझ्याकडून उठलेला प्रत्येक पुरुष त्यांच्याच बाकावर जाऊन बसत होता. मग हिरव्या पडद्यापाशी माझं मन अडकलं. पडद्याआड काय चालतं ते कुणाला ठाऊक? कुसुमताईंना. तो पडदा निम्म्या तालुक्याने पाहिलेला आहे, हा साधा विचार मला सुचला नाही. सुचला असता तर मी तो झटकलाच असता.

मी एक वही बाहेर ठेवली. नवीन नियम आलाय, प्रत्येकाने नाव, गाव आणि दुखणं स्वतःच्या हाताने लिहायचं, असं सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी दार लावून मी त्या वहीतले ळ तपासायचो. डोळे, जळजळ, मळमळ, कळ. माझ्या पेशंटांच्या दुखण्यांत ळ भरपूर होता. एकही जुळला नाही.

दुसरा नियम मी कुणाला बोलून दाखवला नाही. पुरुष पेशंटला कमरेखाली तपासायचं नाही. तसलं काही असलं की चिठ्ठी लिहून खाली पाठवायचं. बाकी तपासणीला दार अर्धं उघडं, आणि कुसुमताईंनी पूर्ण वेळ पडद्याच्या आत उभं राहायचं. माधवला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "नाव छापून आणलंस ते कशासाठी? आता स्वतःचा हातच लपवून बसलायस." मी त्याला म्हणालो, की फळ्याला हात लावल्याबद्दल कुणी अर्ज करत नाही, तुला काय कळणार. त्या सोमवारी तो माझ्याशी न बोलताच गाडीत बसला.

मग एका दुपारी मी कुसुमताईंना औषधांची यादी लिहायला सांगितली. यादी कायम मीच लिहायचो. त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि पेन उचललं.

"डॉक्टर, माझं अक्षर तपासताय व्हय?"

मी नाही म्हणालो. फार पटकन म्हणालो. त्यांनी यादी पुरी केली, कागद माझ्यासमोर सरळ करून ठेवला.

"सोळा वर्सं झाली मला हितं. नुसतं इचारायचं व्हतं की."

त्यांनी ट्रे धुतला, अॅप्रन खुंटीला अडकवला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांच्या यादीतला ळ अर्जातल्या ळशी जुळत नव्हता. तेव्हा मी असं ठरवलं की त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असणार. नाहीतर गेल्या कशाला? त्या दिवसांत माझं डोकं असं चालत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता बापू आपल्या मुलाला घेऊन आले. बापू वरच्या वाडीवरचे शेतकरी, कमी बोलणारे, माझे जुने पेशंट. मुलगा संतोष वीस वर्षांचा, कापूरहोळला एका गॅरेजमध्ये कामाला, भाताच्या बेणणीसाठी, तण काढायला, दोन दिवस घरी आलेला. पहाटे पाचपासून पोटात दुखतंय, दोनदा उलटी झाली, असं बापूंनी सांगितलं. पोरगा वाकूनच आत आला. त्याला मी टेबलावर झोपवलं. बापू भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांची नजर माझ्या हातांवर खिळली. निदान मला तसं वाटलं.

मी सदऱ्यावरूनच पोट दाबलं. मऊ होतं. पोटाच्या आत काही मोठं बिघडलं असेल तर ते फळीसारखं कडक लागतं. इथे पोट मऊ आणि पोरगा वेदनेने पांढरा पडलेला. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तिसरीकडे बघायचं असतं. तरुण मुलांमध्ये कधी कधी अंडकोषातली गोटी स्वतःभोवती फिरते, तिला रक्त नेणाऱ्या शिरेला पीळ पडतो. साधारण सहा तासांत तो सोडवला नाही तर गोटी मरते. दुखणं पोटात चढतं, आणि पोरं लाजेने पोटच दुखतंय म्हणून सांगतात. म्हणून पोटदुखीच्या तरुण मुलाची पँट उतरवून बघितल्याशिवाय त्याला सोडायचं नाही, हे आम्हाला सर्जरीच्या वॉर्डात पहिल्याच महिन्यात शिकवलेलं असतं. बघायला अर्धं मिनिट लागतं. हाताला ते लगेच कळतं.

संतोषचा डावा हात दोनदा खाली गेला आणि दोन्ही वेळा त्याने तो मागे घेतला. मला ते दिसलं. मी विचारलं, खाली कुठे दुखतंय का. त्याने बापाकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. मला तेवढंच हवं होतं. कुसुमताई असत्या तर त्यांनी बापूंना पाणी आणायला बाहेर पाठवलं असतं, स्वतः पाठ फिरवून उभ्या राहिल्या असत्या आणि पोराला म्हणाल्या असत्या, बोल आता. त्या नव्हत्या. दार अर्धं उघडं होतं. मी दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, मूतखडा असावा, सोनोग्राफी करावी.

इंजेक्शनने दुखणं थोडं उतरलं, तेही वाईटच झालं. बापलेक साडेनऊच्या एसटीने सावकाश खाली गेले. कापूरहोळला गर्दी होती. दुपारी नंबर लागला तेव्हा मूत्रपिंडं स्वच्छ निघाली. त्यानंतर पोरगा कळवळायला लागला आणि त्याला भोरला सर्जनकडे नेलं. सर्जनने बघताक्षणी ओळखलं, लगेच शस्त्रक्रिया केली. गोटी काळी पडली होती. काढून टाकावी लागली.

संध्याकाळी सर्जनचा मला फोन आला. ओळखीचे होते. त्यांनी विचारलं, तुम्ही खाली तपासलं नव्हतं का? मी म्हणालो, नाही, राहून गेलं.

"तुमच्याकडून?" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

मला कुणी दोष दिला नाही. उलट दोन दिवसांनी बापूंचा निरोप आला, की डॉक्टरांनी वेळेवर चिठ्ठी दिली म्हणून पोराच्या जिवावरचं टळलं. मी जे कधी केलं नव्हतं त्याबद्दल माझ्यावर अर्ज झाला होता, आणि मी जे करायला हवं होतं ते केलं नाही, त्याबद्दल हा आभाराचा निरोप. मी गप्प बसलो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. मी आठ दिवस गप्प बसलो.

नवव्या दिवशी कुसुमताईंकडे गेलो. त्या खाचरात बेणत होत्या. बांधावर उभं राहून मी सगळं सांगितलं. अर्ज, वही, त्यांच्यावरचा संशय, आणि संतोष. मी बोलत असताना त्यांनी मला एकदाही अडवलं नाही. शेवटी कंबर सरळ केली.

"माझं ऱ्हाऊ द्या. त्या पोराच्या बापाला सांगितलं का?"

मी म्हणालो, अजून नाही.

"मंग आदी तिकडं जावा. मंग माझ्याकडं या." आणि त्या पुन्हा वाकल्या.

वाडीपर्यंत गाडी जात नाही, शेवटचा चढ पायी चढावा लागतो. त्या चढावर मी तीन वेळा थांबलो, आणि ते दम लागल्यामुळे नव्हतं. बापू पडवीत बसले होते. संतोष आत कॉटवर पडला होता, दार उघडं होतं. बापूंनी चहा टाकायला सांगितलं. चहा यायच्या आत मी बोलून घेतलं. मुलाला मी नीट तपासलं नाही, तपासलं असतं तर मला त्याच वेळी कळलं असतं, आणि जीपने थेट भोरला नेलं असतं तर त्याचा अवयव बहुधा वाचला असता. एवढं सांगून झाल्यावर बापूंनी विचारलं,

"का न्हाई बघितलं?"

"बापू, माझ्यावर कुणीतरी तसला अर्ज केलाय. तुम्ही माझ्या हातांकडं बघत होता. मी घाबरलो."

"म्या तुमच्या हाताकडं न्हाई बघत व्हतो," बापू म्हणाले. "पोराच्या तोंडाकडं बघत व्हतो."

तेवढ्यात आतून संतोष बोलला. भिंतीकडे तोंड करूनच बोलला.

"तुमी डॉक्टर असून हात न्हाई लावला, तवा मला वाटलं तितलं दुखनं दावायचंच नसतंय. म्हनून कापूरहोळला बी म्या काय बोललो न्हाई."

मी उठून दारापर्यंत गेलो. त्याला सांगायला लागलो की एका बाजूने काही अडत नाही, लग्न होईल, मुलं होतील. तो म्हणाला, ते भोरच्या डॉक्टरांनी सांगितलंय. माझ्याकडून त्याला दिलासा नको होता आणि तो घ्यायला मी त्याला भाग पाडू शकत नव्हतो.

बापूंनी विचारलं, अर्ज करायचा तर कुठं करत्यात. मी कार्यालय सांगितलं. काय लिहायचं असतं, हे त्यांनी विचारलं. मी म्हणालो, घडलं तसं लिहा आणि खाली सही करा. चहा आला होता तो तसाच राहिला. मी उतरायला लागलो तेव्हा त्यांनी मला थांब म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

बापूंनी खरोखर अर्ज केला. माझ्याकडे प्रत आली तेव्हा मी पहिल्यांदा त्यातला ळ बघितला, हे कबूल करतो. मग मजकूर वाचला. "माझा मुलगा संतोष यास डॉक्टरांनी नीट तपासले नाही. हात लावून बघितले असते तर कळले असते." खाली पूर्ण नाव, गाव आणि थरथरती सही. मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी कोण आहे, कुणाबरोबर राहतो, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तक्रार एका डॉक्टरविरुद्ध होती, आणि ती खरी होती. कितीतरी महिन्यांनी मला कुणीतरी नुसता डॉक्टर समजलं होतं. असं वाटण्याची मला लाजही वाटली.

बातमी पसरल्यावर डॉक्टर शेडगे माझ्याकडे आले. पहिल्यांदाच. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले की खुलाशात लिहा, रुग्णाने तपासणीला नकार दिला. पोरगं लाजलं होतंच, म्हणजे फारसं खोटंही नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. हा माणूस मला वाचवतोय, की माझ्या हाताने खोटं लिहून घेऊन मला पुरता अडकवतोय? मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. आता रस्त्यात भेटलो की आम्ही हसतो. त्या हसण्याचाही मी विचार करतो.

खुलाशात मी खरं लिहिलं. जिल्ह्याच्या ठिकाणी, पुण्यात, तीन डॉक्टरांच्या समितीसमोर सुनावणी झाली. बापूंनाही जबाबासाठी बोलावलं होतं. तिघांपैकी एकाने मला विचारलं, एवढ्या वर्षांच्या डॉक्टरला तपासायची भीती कशाची वाटली? मी सांगितलं. मी समलिंगी आहे हे गावाला माहीत आहे, माझ्यावर निनावी अर्ज झाला, आणि त्यानंतर मी पेशंटऐवजी स्वतःला जपू लागलो. एक जण कागदात बघत राहिले. दुसऱ्यांनी पाणी मागवलं. तिसऱ्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, "अर्ज खोटा होता तर तुम्ही तो खरा असल्यासारखे का वागलात?" मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्य होती.

कुसुमताई त्याच्या आदल्या आठवड्यात परत आल्या होत्या. पडद्याआड राखण करत उभी राहणार नाही, काम असेल तर येईन, एवढं बजावून. मी वही बंद केली. माझा तो न बोललेला नियमही मोडला. त्याऐवजी आता प्रत्येक पेशंटला, बाई असो की बुवा, विचारतो, की हात लावून बघायला लागेल, बघू का, आणि कुणाला आत बोलवायचंय का. हे खरं तर पहिल्या दिवसापासून विचारायला हवं होतं. निनावी अर्ज कुणी केला ते मला कधीच कळलं नाही. प्रत मी फाडून टाकली, पण कुणाच्या लग्नपत्रिकेवर हाताने लिहिलेलं नाव दिसलं की डोळा अजून आपोआप ळ शोधतो. माधव म्हणतो, हे आता जायचं नाही. तो निवृत्त होऊन कायमचा वेल्ह्याला आलाय आणि दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. त्याच्या शिकवणीला पोरं किती येतात आणि कुठल्या घरची येत नाहीत, हे मला पाठ असतं.

सुनावणी संपल्यावर दुपारी स्वारगेटला वेल्ह्याच्या गाडीत चढलो तर जागा एकच शिल्लक होती, बापूंच्या शेजारी. मी विचारलं, बसू का. ते खिडकीकडे सरकले. नसरापूरला गाडी निम्मी रिकामी झाली. त्यांना दुसरीकडे बसता आलं असतं, मलाही. दोघंही हललो नाही.

मग त्यांनी विचारलं की ताकीद म्हणजे काय असतं. मी सांगितलं.

"म्हंजे दवाखाना चालू ऱ्हानार."

मी हो म्हणालो. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "माजं एक दुखनं हाय. चार वर्सं झाली. जांघंत फुगवटा येतोय, वझं उचललं की वाढतोय. कुनाला दावलं न्हाई."

त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. मला वाटलं, हा मला पुन्हा अडकवायला तर येत नाही ना. एक अर्ज हात न लावल्याचा झाला, आता दुसरा हात लावल्याचा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. थकलेला, दाढी वाढलेला, घामाने चिकट झालेला साठीतला माणूस. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. चेहऱ्यावरून मला हल्ली कुणाचंच कळत नाही.

"उद्या सकाळी या," मी म्हणालो.

"पर बघाल नव्हं? का चिठ्ठी द्याल?"

"बघीन."

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडायच्या आधीच बापू पायरीवर बसले होते. मी त्यांना विचारलं, आत कुणाला बोलवू का. ते म्हणाले, कशाला. मी हात धुतले, ते गार लागू नयेत म्हणून एकमेकांवर चोळले, आणि जांघेवर बोटं ठेवून त्यांना खोकायला सांगितलं. बापू खोकले. बोटांना आतून धक्का बसला. उजव्या बाजूचा हर्निया होता, चार वर्षांचा, अजून वेळ न गेलेला.